पाच कोंबड्यांत मिळून एक मूठ

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांचा एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येतो. खाद्याचे भांडे भरलेले असते, पण कोंबड्या त्यात चोच घालत नाहीत, आणि भाकरीचा तुकडा दिसला की एकमेकींच्या अंगावरून धावत येतात. मग खाद्य खराब आहे का? मका रोज टाकतो, तरी अंड्यांची कवचे पातळ का येतात? चांगली गुबगुबीत, कालपर्यंत हिंडणारी कोंबडी भर एप्रिलमध्ये सकाळी खुराड्यात मेलेली का सापडते? हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असते. कोंबडीच्या दिवसभराच्या खाण्यात खाद्य किती आणि लाडाचा खाऊ किती, याचा हिशेब घरात कुणीच ठेवलेला नसतो.

लासलगाव, विंचूर, निफाड या पट्ट्यात हा गोंधळ अधिक होतो, कारण इथे कोंबडीपुढे टाकण्यासारखे फुकट किंवा स्वस्त खूप मिळते. कांद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या लासलगावच्या बाजार समितीत मका, सोयाबीन, गहू, हरभराही येतो. गावाबाहेर पडले की द्राक्षबागा लागतात. कुणाच्या खळ्यावर मका सांडलेला असतो, कुणाच्या चाळीतून निवडून काढलेला कांदा बाहेर पडलेला असतो, बागेत विरळणीचे मणी पडलेले असतात. कोंबडीला घालायला काही नाही अशी वेळ इथे येतच नाही, आणि नेमकी अडचण तीच आहे. खाऊ सहसा विष नसतो. तो जागा अडवतो, आणि कोंबडीच्या पोटात जागा फार थोडी असते.

मका खाद्यात आधीच आहे

अंड्यावरची मध्यम बांध्याची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. बाजारात मिळणाऱ्या लेअर खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते. ते बनते कशाचे? निम्म्याच्या आसपास मका, पाचवा हिस्सा किंवा थोडी जास्त सोयाबीनची पेंड, उरलेल्या भागात कोंडा, शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा, फॉस्फरससाठी डीसीपी, चिमूटभर मीठ आणि जीवनसत्त्व-खनिजांचे मिश्रण. म्हणजे तुम्ही वरून जो मका टाकता, तो कोंबडीला खाद्यातून मिळतोच आहे. वरच्या मक्याने तिला नवे काही मिळत नाही; खाद्यातल्या बाकीच्या वस्तू मात्र पातळ होतात. दुधात दूध घालतो आहोत असे वाटत असते, प्रत्यक्षात पाणी पडत असते.

आकड्यांत पाहू. मक्यात प्रथिने साडेआठ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. खाद्यात प्रथिने १७ टक्के आणि कॅल्शियम ३.७ टक्के आहे असे धरले, तर दिवसाच्या ११० ग्रॅम खाण्याचा हिशेब असा लागतो:

- नुसते खाद्य ११० ग्रॅम: प्रथिने सुमारे १८.७ ग्रॅम, कॅल्शियम सुमारे ४.१ ग्रॅम.
- खाद्य ९९ ग्रॅम, मका ११ ग्रॅम: प्रथिने १७.८ ग्रॅम, कॅल्शियम ३.७ ग्रॅम. एवढे चालते.
- खाद्य ७० ग्रॅम, मका ४० ग्रॅम: प्रथिने १५.३ ग्रॅम, कॅल्शियम २.६ ग्रॅम. इथे घसरण सुरू झाली.

शेवटच्या ओळीचा अर्थ नीट लक्षात घ्या. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम निम्मे कोंबडीच्या अंगी लागते. २.६ ग्रॅम खाल्ले तर १.३ ग्रॅम हाती येते. उरलेले कुठून आणायचे? कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. तिच्या संपूर्ण सांगाड्यात कॅल्शियम असते सुमारे २० ग्रॅम. काही दिवस ती ही उधारी सहन करते, अंडीही देत राहते, आणि घरातल्यांना वाटते सगळे ठीक आहे. मग कवच पातळ होते, नंतर बिनकवचाचे लिबलिबीत अंडे येते, आणि शेवटी कोंबडी पाय पसरून बसते. पहिले पातळ अंडे दिसण्याआधीच नुकसान सुरू झालेले असते.

शिवाय मक्यात ताकद जास्त असते. किलोला सुमारे ३,३०० किलोकॅलरी मक्यातून मिळतात, तर लेअर खाद्यातून २,६०० ते २,७००. कोंबडी बऱ्याच अंशी ताकदीच्या गरजेवर खाणे थांबवते. मक्याने भूक लवकर भागली की ती खाद्य आणखी कमी खाते. जादा ताकद चरबी होऊन पोटात आणि यकृतावर साठते. अशा चरबीदार यकृतात उष्म्याच्या दिवसांत आतल्या आत रक्तस्राव होतो आणि कोंबडी काही कळायच्या आत जाते. एप्रिलमधल्या त्या गुबगुबीत कोंबडीच्या मरणाला इतर कारणेही असू शकतात, पण लाडाची कोंबडी असेल तर हे कारण पहिल्या दोन-तीन शक्यतांत धरावे.

‘आजीच्या कोंबड्यांना कुणी खाद्य आणले होते?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. जुन्या घरांतल्या गावरान कोंबड्या वर्षाला पन्नास-साठ अंडी देत. अंडी घालून झाली की खुडूक बसत, पिल्ले फिरवत, तोवर शरीराची भरपाई होई. दिवसभर त्या उकिरडा उकरत, गोठ्यामागे शेण विसकटत, बांधावर किडे वेचत. त्यांना प्रथिने उकिरड्यातून मिळत आणि दाणे हा वरचा आधार असे. आज तुमच्या परसात बहुधा सुधारित जात आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा वर्षाला शंभराच्या पुढे अंडी देते, ग्रामप्रिया दोनशेच्या आसपास जाते, आणि फार्मवरून आणलेली तपकिरी अंड्यांची संकरित कोंबडी तीनशेच्या घरात. जागा मात्र प्लॉटमधली दहा बाय पंधरा फुटांची, तीही फरशीची. गरज तिप्पट-चौपट झाली आणि उकिरडा गेला. आजीची पद्धत चुकीची नव्हती. ती ज्या अंगणावर उभी होती ते अंगण आता राहिलेले नाही. तुमच्याकडे खरोखर गावरान कोंबड्या असतील आणि त्या दिवसभर मोकळ्या शेतात फिरत असतील, तर पुढचे नियम थोडे सैल पाळले तरी चालतील.

दुसरा आक्षेप: ‘कोंबडीला काय हवे ते कोंबडीलाच कळते.’ अर्धे खरे आहे. कॅल्शियमची ओढ कोंबडीला खरोखर असते. शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवला तर अंड्यावरची कोंबडी संध्याकाळच्या सुमारास तो वेचून खाते आणि न घालणारी त्याकडे फारशी फिरकत नाही. पण हीच कोंबडी पिठाळ खाद्यातले मक्याचे कण निवडून आधी संपवते आणि खालची बारीक पूड, ज्यात खनिजे असतात, तशीच सोडते. निवड करण्याची बुद्धी तिला आहे. पण समोर मूठमूठ मका पडत असेल तर ती आधी मकाच खाणार.

तिसरा आक्षेप मनापासूनचा असतो: ‘आम्हाला अंड्यांचा धंदा करायचा नाही, लळा म्हणून पाळल्यात, दोन दाणे जास्त खाल्ले तर काय बिघडले?’ पण अंडे घालणे तुमच्या इच्छेवर नाही. ज्या जातीचे रक्तच अंड्यांसाठी निवडले गेले आहे ती कोंबडी तुम्हाला अंडी हवीत की नकोत हे न विचारता घालत राहते. खाद्य पुरेसे नसेल तर ती हाडे झिजवून घालते. म्हणून अंड्यांची हाव नसलेल्या घरात तर हिशेब अधिक काटेकोर हवा, कारण त्या घराला कोंबडी चांगली पाच-सहा वर्षे जगायला हवी असते.

खाऊ किती, कधी आणि कुणी द्यायचा

मोठ्या माणसाच्या मुठीत चाळीस-पन्नास ग्रॅम मका मावतो. घरच्या काट्यावर एकदा मोजून पाहा. दिवसाच्या खाण्यात खाऊ दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, म्हणजे कोंबडीमागे दहा-अकरा ग्रॅम. सोप्या भाषेत, पाच कोंबड्यांत मिळून दिवसाला एक मूठ. हे ऐकून बहुतेकांना वाटते, आम्ही तेवढेच देतो. खरी गोम अशी की घरात चार माणसे असतात. आजोबा सकाळी फिरून आल्यावर एक मूठ टाकतात, मुले शाळेतून आली की एक, दुपारी भांडी घासताना शिळी भाकरी जाते, संध्याकाळी खुराडे लावताना ‘या गं या’ करून आणखी एक. प्रत्येकाने एकच मूठ दिली, आणि कोंबडीच्या पोटात पस्तीस-चाळीस ग्रॅम गेले. वरच्या हिशेबातली तिसरी ओळ घरोघरी अशीच घडते.

म्हणून पुढील क्रमाने चला:

- आठवडाभर फक्त मोजा. सकाळी खाद्य तोलून घाला, रात्री उरलेले तोला. पाच कोंबड्यांमागे दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास खाद्य संपायला हवे. तीनशे ग्रॅमच संपत असेल तर उरलेली भूक कशावर भागते ते शोधा.
- दिवसाच्या खाऊचा एक डबा ठरवा. सकाळी त्यात एक मूठ दाणे काढून ठेवा. ज्याला हौस असेल त्याने त्यातूनच द्यावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा खाऊ संपला.
- खाऊ दुपारी चारनंतर. सकाळी उपाशी पोटी मका दिला तर दिवसभराचे खाद्य मागे पडते. खाद्यावर पोट भरल्यानंतरचा खाऊ फारसे बिघडवत नाही.
- हिरवा पाला वेगळा धरा. मेथी, कोबी, चाकवत यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यामुळे तो दाण्यांच्या हिशेबात घेऊ नका. कोंबडीमागे वीस-तीस ग्रॅम ठीक. जुडी दोरीने चोचीच्या उंचीवर टांगा, म्हणजे तो ओढून तुकडे करून खाल्ला जातो. लांब गवत जमिनीवर टाकले तर त्याचा गळ्याखालच्या पिशवीत गोळा अडकतो.

पाल्यांमध्ये शेवग्याचा पाला आणि लसूण घास उत्तम; नावात लसूण असला तरी तो चाऱ्याचा पाला आहे, त्याची भीती नको. पालक अधूनमधून द्या, रोज नको, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते.

वयाचा घोळ करू नका. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत २० टक्के प्रथिनांचे चिक खाद्य, नंतर तलंगांना ग्रोअर, आणि पहिले अंडे येण्याच्या सुमारास लेअर. लेअर खाद्यातले कॅल्शियम पिल्लांची मूत्रपिंडे बिघडवते. ब्रॉयलरचे खाद्य अंड्यावरच्या कोंबडीला घालू नका. त्यात प्रथिने भरपूर, पण कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, आणि कधी कधी औषधही मिसळलेले असते.

लासलगावच्या अंगणातले धोके

कांदा. लिलावानंतर उरलेली खाद आणि गोल्टी, म्हणजे हलका-बारीक कांदा, चाळीतून निघालेला सडका माल, पात, टरफले हे सगळे कोंबड्यांपुढे टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. टाकू नका. कांद्यातले गंधकयुक्त घटक रक्तातल्या तांबड्या पेशींना अपाय करतात. गुरे आणि कुत्र्यांत हे फार पूर्वीपासून माहीत आहे. कांद्याची पात पोटभर खाल्लेल्या गीज पक्ष्यांतही असा रक्तक्षय नोंदला गेला आहे. यावर कुणी म्हणेल, ब्रॉयलरच्या खाद्यात कांद्याची भुकटी मिसळून प्रयोग झाले आहेत आणि पक्ष्यांना काही झाले नाही. बरोबर आहे, पण ते प्रमाण अत्यल्प आणि मोजलेले असते. पोह्यांत पडलेले कांद्याचे चार तुकडे कोंबडीने उचलले तर घाबरू नका. ढिगावर मोकळी सोडलेली कोंबडी मात्र किती खाईल याचा नेम नाही, आणि सडक्या कांद्यावरची काळी बुरशी ही आणखी वेगळी बला. तुरा आणि गालाखालचे लोंबते फिके पडले, कोंबडी सुस्त झाली, तर कांदा आठवा. अंड्याला कांद्याचा वास लागतो तो निराळाच.

कांद्याबरोबर येणारी आणखी एक वस्तू कांद्याइतकीच घातक आहे: गोणी. लाल जाळीदार गोणीचे सुटलेले प्लास्टिकचे धागे अंगणात पडतात. कोंबडीला ते गांडुळासारखे दिसतात. गिळले की गळ्याखालच्या पिशवीत आणि पेट्यात (दाणे दळणाऱ्या पोटात) गुंता होतो, पायाला गुंडाळले तर बोट काळे पडते. फाटकी गोणी आडोशाला किंवा घरट्यात अंथरायला कधीही वापरू नका.

ओला मका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खरिपाचा मका निघतो, परतीच्या पावसात भिजतो, आणि बाजारात भाव न मिळालेला मका ‘कोंबड्यांना होईल’ म्हणून घरी राहतो. ओलाव्यात वाढणारी पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष जगाला कळले ते पक्ष्यांमुळेच: १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की मेल्या आणि कारण निघाले बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. उन्हात वाळवल्याने बुरशी थांबते, आधी तयार झालेले विष जात नाही. भाजून किंवा शिजवूनही ते पुरेसे नष्ट होत नाही. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, हात घातल्यावर पोते आत गरम लागता कामा नये, कुबट वास येता कामा नये. शंका आली तर तो मका कुणालाच घालू नका, गाईलाही नाही, कारण विषाचा अंश दुधात उतरतो.

कच्चे सोयाबीन. सोयाबीनची पेंड उत्तम, म्हणून सोयाबीनही उत्तम, हा तर्क इथे चुकतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो; पेंड बनताना तो उष्णतेने निकामी होतो. कच्चा दाणा खाऊन कोंबडीला प्रथिने मिळण्याऐवजी असलेली वाया जातात.

द्राक्षे. द्राक्ष स्वतः कोंबडीला अपायकारक नाही. पिकलेले दोन-तीन मणी चिरून दिले तर आनंदाने खाते. धोका फवारणीचा आहे. निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचा अंश तपासला जातो तो काढणीच्या वेळी, पिकलेल्या घडांचा. विरळणीत पडलेले हिरवे मणी आणि छाटणीची पाने त्याच्या कितीतरी आधी, कधी कधी फवारणीच्या दुसऱ्याच दिवशी जमिनीवर येतात. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत ते लिहिलेले असते. तेवढे दिवस कोंबड्याही बागेबाहेर ठेवा.

पेरणीतून उरलेले बियाणे. गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगाचा लेप असलेले मक्याचे दाणे म्हणजे कीटकनाशक-बुरशीनाशक चोळलेले बियाणे. धुऊनही ते खाण्याजोगे होत नाही. वर्षाकाठी एकदाच होणारी ही चूक सगळे खुराडे रिकामे करू शकते. पिशवी बंद ठेवा आणि मुलांनाही हे रंग ओळखायला शिकवा.

स्वयंपाकघरातले उरलेले

शिळी भाकरी, भात, पोळी हे सगळे दाण्यांच्याच हिशेबात. बाजरीची भाकरी त्यातल्या त्यात बरी. फरसाण, वेफर्स, लोणचे, पापड नको. कोंबडीच्या एकूण खाद्यात मीठ अर्ध्या टक्क्याहून कमी लागते आणि जास्त मिठाने ती आजारी पडते. हिरवट बटाटा आणि त्याची साले, टोमॅटोची पाने, कच्चा राजमा, चॉकलेट, चहाची पत्ती टाळा. विटलेले, तार आलेले, आंबलेले काहीही नको. माणसाने ताटातून बाजूला सारले ते कोंबडीला चालते, ही समजूत सोडा.

उरलेले अन्न अंगणभर पसरून टाकू नका. कावळे, पारवे, उंदीर त्यावर येतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक झाला, तेव्हापासून सांगितली जाणारी साधी खबरदारी हीच की पाळीव पक्ष्यांचे खाणे-पाणी रानपक्ष्यांच्या आवाक्यात असू नये. वीस मिनिटांत संपेल एवढेच द्या आणि भांडे उचला.

शिंपले वेगळे, खडी वेगळी

या दोन वस्तूंची गल्लत फार होते. शिंपल्याचा चुरा विरघळतो आणि कॅल्शियम देतो. खडी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे कठीण दगडाचे कण, पेट्यात राहून दाणे दळते. दात नसलेल्या कोंबडीचे ते जाते आहे. नुसते तयार खाद्य खाणाऱ्या कोंबडीला खडी फारशी लागत नाही, पण अख्खे दाणे आणि पाला देत असाल तर लागते, आणि फरशीच्या अंगणात ती तिला सापडत नाही. दोन वेगळ्या वाट्या ठेवा.

अंड्यावर कवच चढायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीत होतो. म्हणून शिंपल्याची वाटी संध्याकाळी भरलेली असावी. घरच्या अंड्यांची टरफले भाजून, चुरून दिली तरी चालतात. भाजणे आणि चुरणे दोन्ही करा, नाहीतर कोंबडीला ते अंडेच आहे हे कळते आणि ती स्वतःची अंडी फोडायला शिकते.

ऋतूप्रमाणे बदल

उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे जातो तेव्हा कोंबडी आधीच कमी खाते. जे खाईल ते खाद्यच असावे, म्हणून त्या दिवसांत दाण्यांचा खाऊ निम्मा करा किंवा बंद ठेवा. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. थंड पाणी सावलीत, दोन ठिकाणी. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. कलिंगडाची फोड चालेल.

हिवाळ्यात उलट. निफाडच्या कुंदेवाडी संशोधन केंद्रावरचा पारा राज्यात नीचांकी गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा रात्री खुराडे लावण्याआधी ठरलेली मूठ मका दिला तर दाणा रात्रभर पचत राहतो आणि ऊब मिळते. मक्याचा खरा उपयोग इथे आहे. पण थंडीत अंडी कमी झाली म्हणून मका वाढवू नका. अंड्यांसाठी चौदा-सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो. ते कारण उजेडाचे आहे, भुकेचे नाही. पिसे गळण्याच्या काळात मात्र प्रथिनांची गरज वाढते, कारण पीस जवळजवळ सगळे प्रथिनांचेच असते. तेव्हा दाण्याच्या जागी उकडलेले अंडे, आळ्या, गांडुळे द्या.

आधीच लाड झाले असतील तर

एकदम बंद करू नका. दहा दिवसांत रोजचा खाऊ थोडा थोडा कमी करा. तीन-चार दिवस कोंबड्या दाराशी ओरडतील, खाद्य चिवडतील. ते उपासमारीचे नव्हे, सवयीचे ओरडणे आहे. दिवसाअखेर खाद्य संपते आहे ना एवढे पाहा. पिठाळ खाद्यातले मक्याचे कण वेचून बाकीचे सोडत असतील तर ते पाण्याने किंचित ओलसर करा, म्हणजे निवडता येत नाही. ओले खाद्य दोन तासांत संपेल एवढेच कालवा.

दर पंधरा दिवसांनी कोंबडी हातात घ्या. अंधार पडल्यावर ती शांत असते. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. धार सुरीसारखी टोचली तर ती अशक्त आहे. धार लागते पण दोन्ही बाजूंना मांस भरलेले आहे, तर उत्तम. हाड शोधावे लागते आणि पोटाखाली मऊ गोळा लोंबतो, तर चरबी चढली आहे. मग गळ्याखालची पिशवी दाबून पाहा: रात्री ती भरलेली आणि पिठासारखी मऊ असावी, सकाळी रिकामी. सकाळीही ती भरलेली आणि कडक असेल, तर काहीतरी अडकले आहे आणि डॉक्टरांकडे न्यायला हवे.

पोते विकत घेताना तुमचे हक्क

पोत्यावर प्रथिने, कॅल्शियम, बनवल्याची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता आहे का ते वाचा. कोंबडी खाद्यासाठी भारतीय मानक आयएस १३७४ आहे. तो उल्लेख असेल तर चांगले. पाच कोंबड्यांना महिन्याला सोळा-सतरा किलो लागते, म्हणून पन्नास किलोचे पोते एकट्याने घेऊन पावसाळ्यात तीन महिने ठेवू नका. शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या. सुट्टे खाद्य घेतले तरी पावती मागा. ती मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि तक्रार करायची वेळ आली तर पहिला पुरावाही तोच.

खाद्य बुरशीचे किंवा भेसळीचे निघाले तर पोते फेकू नका. पोत्याचे फोटो काढा, किलोभर नमुना कोरड्या कागदी पिशवीत ठेवा आणि विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे नाशिकच्या, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. घरच्या वापरासाठी कोंबड्या पाळणारा ग्राहकच असतो; ‘हा शेतीचा माल आहे’ असे सांगून कुणी परत पाठवू लागले तर ऐकू नका.

कोंबडी अचानक मेली तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एकाहून अधिक मेल्या असतील तर त्याच दिवशी कळवायला हवे, कारण मानमोडी आणि बर्ड फ्लूची सुरुवातही अशीच दिसते. मेलेला पक्षी उघड्या हाताने हाताळू नका, नाल्यात टाकू नका, पुरण्याची घाई करू नका. दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवा, सोबत त्या दिवशीच्या खाद्याचा नमुना ठेवा, आणि गेल्या तीन दिवसांत घरातल्या कुणी काय काय खायला घातले ते सगळ्यांना विचारून एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.